एकशे तीन

सव्वीस वर्षं एर्मेलिंदानं
वाल्पाराइसोच्या टेलिफोन कचेरीत
एकाच वाक्यानं पाळी सुरू केली: बोला, कोण हवंय?
लोकांना दातांचा डॉक्टर हवा असे, शवपेटीवाला,
एकदा एका पोरानं देवाचा नंबर मागितला.
तिनं टेकडीवरच्या चर्चचा दिला.
पाद्री झोपेतून उठून वसकला म्हणे.

आता धाकट्या बहिणीचा बाल्तासार
न्हाणीघरात गॅसच्या बंबापुढं उकिडवा बसलाय.
तीन दिवस गार पाणी.
तो कुणाला विचारत नाही. तो बघतो.
कोन्सेप्सिओनची एक मुलगी, नखं निळी,
म्हणते, चला मंडळी, आज बंब उघडू.
मग मेक्सिकोतला एक टकला.
मग एक कुत्रा, ज्याचा बंबाशी काडीचा संबंध नाही,
पण तोही दोन मिनिटं बघून होतो.

"पूर्वी पानंच्या पानं चाळायची, अर्धी जाहिरातींची.
आता माणूस दिसतं, मावशी.
खोटं बोललं तर कळतं."
कळतं? एर्मेलिंदा विचारते. नखांवरून?

नखांनी सांगितलं तसं तो करतो. बंब ढिम्म.
मग अंगठा खाली, आणखी खाली,
शेऱ्यांच्या, शिव्यांच्या पार तळाशी
कुणीतरी लिहून गेलंय, ना फोटो, ना धड नाव:
आधी सेल बदला. आणि त्या मुलीला सांगा, झडप उलटी धरलीय.

बंब भक्कन पेटतो.
बाल्तासार आनंदानं निळ्या नखांनाच बदाम पाठवतो.
एर्मेलिंदाला तो तळातला ओळखीचा वाटतो,
आपल्यातलाच, रात्रपाळीचा.

रात्री ती भाच्याचा फोन मागून घेते.
पुंता अरेनासची नोल्फा.
एकोणीस वर्षं तारेच्या दुसऱ्या टोकाला,
'र'वर किंचित अडखळायची,
मागं वारा, नि किटलीचं थरथरतं झाकण.
चेहरा पाहिला नाही. आडनाव राहूनच गेलं.
दुनियेचे नंबर दिले, एकमेकींचा घेतला नाही.

फोन तत्पर. हव्या तितक्या नोल्फा काढून देतो:
केक करणारी, नाचणारी, नवऱ्याबद्दल रडणारी,
पिवळ्या टोपीतली एक, बारा वर्षांचीही नसेल.
आणि मध्येच बंब, पुन्हा बंब.
सकाळचं तो विसरलेला नाही.

एर्मेलिंदा चष्मा काढते. दिवा घालवते.
अंधारात अंगठा अंदाजानं सरकवत
एकेक नोल्फा
कानाला लावते.