खालची दाढ

तार्तूत, फेब्रुवारीत, एंडेल सात रात्री
गाल उशीत खुपसून झोपला. झोपला कसला.
नदी गोठलेली, आणि जबड्यात निखारा.

गोळ्या संपल्या. सूज ओसरली, परत आली.
"औषध पोचतच नाही तिथवर,"
मारिट डॉक्टर म्हणाली, पू काचेवर घेत.
"बघायचंय?"

सूक्ष्मदर्शकाखाली वस्ती.
आधी आले त्यांनी मूळ धरलं,
मागून आले त्यांनी त्यांना.
वर स्वतःच पाझरवलेलं चिकट छप्पर,
आणि अगदी आत, हवा न सोसणारे,
निवांत.

एंडेल बराच वेळ डोळा लावून बसला.
त्याच्या गावात तेरा घरं उरलीत,
धूर निघतो चारांतून.

"काढून टाका," म्हणाला.
दाढ मात्र
कापसात गुंडाळून खिशात घातली.