ठोकून बघणं

लाकूड खोटं बोलत नाही.
हातोडी हलकी धरायची
आणि होडीच्या पोटावरून फळीफळीला विचारत जायचं:
टण, टण, टण,
आणि एखाद्या जागी
ढप.
तिथला रंग शाबूत असतो. फळी तेल प्यालेली असते.
नाखवा म्हणतो, "कायएक नाय मेस्त्रीनू, चला फुडे."
मी खडूनं फुली मारतो.
पन्नास वर्षं मारत आलो, देवगडच्या याच खाडीवर.

माझा थोरला भाऊ लवू
बांगड्याच्या दिवसांत गेला.
आधी कंबर धरली म्हणाला. मग पोट.
वहिनीनं ओवा दिला, गरम पाण्याची बाटली दिली.
रिक्षा नांदगाव तिठ्याला पोचायच्या आत
तो पांढरा पडला, मीठ चढलेल्या सुंभासारखा.
गॅस म्हणाले. कोणी देवाचं म्हणाले.
दाखल्यावर हृदय लिहिलं.
आत काय फुटलं
ते कोणी बघितलं नव्हतं.

सहा वर्षांनी प्रणाली सारंग, आमची आशा,
वही घेऊन दारात.
पासष्टच्या वर? वर.
विडी? तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून.
"लवूकाका कशान गेले?"
मी सांगितलं. ती गप्प झाली
आणि माझ्या नावापुढे फुली मारली.
"अगो, माका कायएक होणा नाय."
"होणा नाय तेंकाच बघूचा आसा."

ग्रामीण रुग्णालयाचा व्हरांडा. उपाशी पोटी
अकरा म्हातारे, चहासुद्धा नाही.
भिंतीवर पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
बर्फवाला इसाक म्हणतो,
"तरी इचारा मेस्त्रीनू, मुलगो काय चेडू."
सगळे हसले.
मी जरा जास्तच हसलो.

पोटावर थंड चिकट काहीतरी.
डॉक्टर नाझिया मुकादम, रत्नागिरीच्या,
दाबत दाबत बघतात. पडद्यावर
अमावस्येचं पाणी.
कसं दिसतं यात, मी विचारलं.
"आत आवाज सोडते. परत येतो, तो बघते."
म्हणजे ठोकून.
मला बरं वाटलं. बाई माझ्याच धंद्यातली.

बेंबीच्या वर त्या थांबल्या.
मला ते थांबणं कळतं.
हातोडी त्याच जागी दुसऱ्यांदा येते
तेव्हा मी नाखव्याच्या तोंडाकडे बघत नाही.
त्यांनीही बघितलं नाही.

महाधमनी म्हणाल्या. मग मोठी नळी म्हणाल्या.
मग दोन्ही हातांनी दाखवलं:
सायकलच्या ट्यूबला येतो तसा फुगा.
दोन सेंटिमीटरची हवी,
तुमची चार पॉइंट दोन.
फुटेल?
"आत्ता तो धोका कमी. दर वर्षी यायचं, मापायचं.
साडेपाचला पोचली तर आत अस्तर घालता येतं.
विडी आजपासून बंद."
आणि कंबरेत किंवा पोटात अचानक कळ आली
तर ओवा नाही. गाडी.

इसाकचं एक पॉइंट नऊ निघालं.
तो उगाच ओशाळला.

संध्याकाळी पट्टी काढून बघितलं:
दीड इंच, वर सूतभर.
एवढ्या जाडीची फळी मी तळाला लावतो
आणि तिच्या जिवावर चार माणसं
रात्री मालवणपर्यंत जाऊन येतात.

वहिनी सुरमई कापत होती.
मी सांगितलं. तिनं कोयती बाजूला ठेवली नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"मगे तेंचा पण दिसला असता?"

मी हत्यारांच्या पेटीत
काहीतरी शोधत राहिलो.
विड्यांचं बंडल तिथेच होतं, खिळ्यांखाली.
सुदीन, लवूचा मुलगा, वास्कोला ट्रॉलरवर आहे.
बापाच्याच चालीनं चालतो, बापासारखाच ओढतो.
त्याचा नंबर मी प्रणालीच्या वहीत लिहून आलोय.
फुली मीच मारली.
हे वहिनीला अजून
सांगायचंय.