काटे

फ्रेझरबर्गच्या धक्क्यावरची हेरिंग संपली, त्याला पन्नासेक वर्षं झाली.
माझ्या कादंबरीत मात्र अजून टोपल्या भरून येतात.
तीनशे बारा पानं. त्यात एक शब्द, सात वेळा.

एडिनबरोहून डंकनचा फोन:
हा शब्द आता छापत नाहीत.
डंकन भला माणूस, घरात कुणी आजारी असावं
तसा हळू बोलतो.
'भटके' म्हणा, म्हणाला. किंवा नुसतं 'ते लोक'.
म्हणजे साप मरेल, काठीही तुटणार नाही.

मी म्हटलं, चौतीस साली
मासे चिरणाऱ्या बाया 'ते लोक' म्हणत नव्हत्या.
त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, डंकन,
हाडं सगळी हेरिंगमध्ये.
आणि तू मला काटे काढलेला मासा मागतोयस.
(हे वाक्य मला फार आवडलं. दोन दिवस मी ते घोळवत होते.)

मग हस्तलिखित रोना मॅकफीकडे गेलं.
तिचा आजोबा कल्हई करायचा, बादल्यांना बुडं बसवायचा,
हिवाळाभर वाळूच्या टेकड्यांआड त्यांचे तंबू.
ती आता पैसे घेऊन वाचते,
कुणाला काय लागेल ते सांगते.
पर्थच्या बस स्टँडवर चहा प्यायला भेटलो.
मी तयारीत होते: काळ, सत्य, कला,
तिन्ही पर्समध्ये घडी घालून.

तिने पानं उलटली.
सातही ठिकाणी पेन्सिलीचा डागसुद्धा नाही.
खूण एकच, पान अठ्ठ्याऐंशीवर,
जिथे माझी आजी मागच्या दाराशी
एका भटक्या बाईला पाव देते.
समासात बारीक अक्षरात: इथे का नाही?

मी पाहत राहिले.
'सातही वेळा तुझा तो दारुडा मुकादम बोलतो,
ज्याला तू शेवटी बुडवलायस.
तो म्हणणारच. त्याचं आम्हाला काय!
माझ्या आजीला तो शब्द मिळायचा
तो गरम पावासोबत, फडक्यात गुंडाळून, हसतमुखाने.
तुझी आजी म्हणत नव्हती?'

म्हणत होती.
मांजराला हाक मारावी तशी, मायेने.
मिठाने चिरलेल्या बोटांना चिंध्या बांधून
ती पाव द्यायची, तो शब्द द्यायची,
आणि त्याच बोटांनी, पुढे कितीतरी वर्षांनी,
माझ्या कोटाची वरची गुंडी लावायची.
पान अठ्ठ्याऐंशीवर ती म्हणते, 'ये बाई.'
उभ्या जन्मात ती कुणाला असं म्हणाली नाही.

ते मी बदललं होतं.
डंकनच्या फोनच्या आधी, कुणी न सांगता,
पहिल्याच खर्ड्यात, इतक्या सफाईने
की खोडल्याची रेघसुद्धा नाही.

घरी येऊन सहा काढले. एक लिहिला. खोडला. लिहिला.
डंकन म्हणतो, वाचकांचं आजीवरचं मन उडेल.
मॅकडफची मावशी म्हणते, मेलेल्या माणसाला
उत्तर देता येत नाही, हे तुला बरं सापडलं.
दोघांचंही खरं असेल.

रोनाचं बिल आलं, अठरा तासांचं.
बरोबर असं ती कुठेच म्हणालेली नाही.
खाली फक्त दोन ओळी:
पाव खरंच गरम असायचा, आजी सांगायची.
तो काढू नकोस.