चार बोटं वारा

उद्यमनगरात जीप चार ठोकळ्यांवर.
खाली दस्तगीर, पाय तेवढे बाहेर.
वडणग्याच्या मालकाला लडाख गाठायचंय,
डिझेलची जादा टाकी हवी,
आणि ती बसायची तिथूनच
सायलेन्सरचा पाईप जातो.

"टर्बो हाय, मालक. पाईप वाकंल,
चेपायचा न्हाई. चेपला की दम कोंडतोय."

बेंडिंगचं मशीन शेजारच्या शेडात.
शेड भावाचं.
भिंत एक, बोलणं बंद, आठ वर्षं.

दस्तगीरनं तारेचं माप वळवलं,
इथं डावीकडं, इथं ॲक्सलवरनं उडी,
आणि पोराच्या हाती धाडलं.
निरोप नाही.

दुपारी पाईप आला, अजून कोमट.
उभा धरला तर आतून
चिमूटभर वाळू सांडली.

म्हणजे मशीन असून
वाळू ठासून, भट्टीत तापवून,
हातानं वाकवला. अब्बांसारखा.

वळणावरून अंगठा फिरवला दस्तगीरनं.
कुठं चुणी नाही.
बराच वेळ फिरवत राहिला.

टाकी चढली. मधे पत्रा मारला,
फटीत पंजा आडवा घालून म्हणाला,
"चार बोटं वारा ठेवायचा.
मग तेल नि आग
एका गाडीत नांदत्यात."

चावी फिरली.
पलीकडचा ग्राइंडर
मधेच थांबला.