राखीव पंधरा

दर गुरुवारी, शेवटचा डाव संपला की
मी वहीत लिहून ठेवते कोण काय खेळलं.
दुकान आता माझं, सवय आधीच्या मालकाची.

आमच्याकडे फक्त साधी कार्डं चालतात,
पाकीट फोडून पोरं टेबलावरच टाकून जातात ती.
अख्खा डेक दोन पिझ्झांच्या किमतीत,
पण माणसं त्यावर नोकरीपेक्षा जास्त विचार करतात.

नोव्हेंबरात लाल होता.
बेकरीतला तादेय, पँटला पीठ पुसत,
चौथ्या चालीत समोरच्याला जाळून मोकळा.
पंधरवड्यात सोळांपैकी सात जण लाल.
मग नेव्हाने आयुष्य वाढवणारे पांढरे सैनिक आणले,
लाल विझला.
मग पांढऱ्यांना पुरून उरणारे निळे,
प्रत्येक गोष्टीला 'थांब' म्हणणारे;
एका डावाला पन्नास मिनिटं, कॉफीवर साय.
मग त्याला कंटाळून कोणीतरी पुन्हा लाल.

बाहेर त्रिएस्तेत बोरा सुटतो तेव्हा
चढावर म्हणे पूर्वी दोर बांधायचे, धरून चालायला.
आत दोर नाही.
वारा येईल तशी पाठ फिरवायची,
आणि वारा म्हणजे तरी काय,
त्याच सोळा पाठी.

एजिदिओ फिरवत नाही.
बंदरात क्रेन चालवतो. अकरा वर्षं तोच हिरवा डेक,
तेच एल्फ, एकाला एक बोलावत येणारे,
नात्यातल्या लग्नाला यावेत तसे.
प्लास्टिकची कव्हरं चारदा बदलली, आत तेच.
वहीत त्याच्या नावापुढे मी डेक लिहीतच नाही.
'वरीलप्रमाणे'.

एल्फांवरचा इलाज सगळ्यांना पाठ:
एक राखाडी कार्ड, कुठल्याही डेकात बसतं,
सगळे लहान जीव एका फटक्यात साफ.
पण राखीव पंधरांत जागा किती?
लालसाठी चार, निळ्यासाठी चार, नेव्हासाठी पाच.
एका म्हाताऱ्यासाठी कोण घर अडवून ठेवणार?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी
तो जिंकला. पाचही फेऱ्या.
'पार्किंगची वेळ संपली,' एवढंच म्हणाला
आणि बक्षिसाची चार पाकिटं विसरून गेला.

पुढचा आठवडाभर
माझ्या दहा सेंटांच्या खोक्यात माणसं उकरत होती.
गुरुवारी टेबलांमधून फिरले:
नऊ जणांकडे ते राखाडी कार्ड.
नेव्हाकडे तीन.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच
झोपण्यापूर्वी कोणीतरी एजिदिओचा विचार केला होता.

साडेआठ वाजले. त्याची खुर्ची रिकामी.
बंदरात जहाज उशिरा लागलंय, असा निरोप.
नऊ जण मारेकरी घेऊन बसलेले, मरायला कोणी नाही.
आणि राखाडीला जागा करायला
त्यांनी काढलं होतं काय?
लालवरचं औषध.

तादेयने एकेकाला जाळलं.
पीठ पुसायचंही विसरला.

रात्री वहीत लिहिलं: लाल, पहिला.
एजिदिओच्या ओळीवर पेन थांबलं.
गैरहजर कसं लिहू?
नऊ डेकांत तर होता.

शनिवारी तो पाकिटं न्यायला आला.
मी सांगितलं, नऊ.
'नऊ?' त्याने टोपी काढली,
कोणी मोठं माणूस आत आल्यासारखी,
मग पुन्हा घातली.
'नेव्हाकडे?'
तीन.
बराच वेळ पाकिटाची कड अंगठ्याने सरळ करत राहिला.
'मग पुढच्या गुरुवारीही जहाज उशिरा लागेल,' म्हणाला,
'काढून टाकू देत त्यांना. मग येतो.'

दारातून वारा आत आला, वहीची पानं मागे उलटली,
त्याची ओळ कुठल्याही पानावर सारखीच.
म्हणजे त्या दिवशी तरी जहाज खरंच आलं होतं का,
हे मी विचारलं नाही.