देठ कुठे मोडायचा

पाच कुंड्या आहेत, वैजू. तुपाचा डबा धरून सहा.
फाहाहीलच्या या बाल्कनीत सकाळचंच ऊन येतं,
दहानंतर ते समोरच्या इमारतीचं.
जिरेनियमला तेवढं पुरतं. मलाही पुरलं.

पाणी बुडाशी घाल, पानांवर नको.
आधी बोट खुपसून बघ,
दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच.
जरा तहानू दे.
लाडावलं की नुसता पाला माजतो.

धुळीचं वादळ आलं की सगळ्या न्हाणीघरात.
दुसऱ्या दिवशी पानं ओल्या फडक्याने पूस.
हातांना वास राहील, लिंबाचा, थोडा औषधी,
पोळ्या लाटतानाही.

आता मुख्य.
फूल सुकलं की पाकळ्या वेचत बसू नकोस.
देठ धरून खाली खाली जा,
खोडाला भेटतो त्या सांध्याशी
कट्‌कन मोडतो. कात्री लागत नाही.
ठेवलास तर बी धरतं, बगळ्याची चोच येते म्हणे,
आणि झाडाला वाटतं, झालं आपलं काम.
मोडत राहिलीस तर पुन्हा कळी काढतं,
डिसेंबर, फेब्रुवारी, पार मार्च सरेपर्यंत.

हे अल-रायच्या नर्सरीतल्या मोईनुलने शिकवलं.
म्हणाला, मॅडम, इसको खबर नहीं होने देना.
घरी येऊन पहिला देठ मोडला
आणि ह्यांच्या करारांची फाइल डोळ्यांपुढे आली.
दर दोन वर्षांनी, आता शेवटचं.
अकरा वेळा.
रात्री रिफायनरीची ज्योत या काचेत हलायची
आणि आम्ही कराडच्या घराला
आणखी एक खोली काढायचो, कागदावर.

एप्रिल लागला की एका देठाला हात लावू नकोस.
धरू दे बी.
मी कधी धरू दिलं नाही,
कसं दिसतं ते फोटो काढून पाठव.

मी तीन कांड्या नेतेय, वर्तमानपत्रात, कोरड्याच.
कापलेलं तोंड आधी सुकावं लागतं,
मगच मातीत मूळ धरतं.
कराडला ऊन रगड आहे.
गॅलरीत ते कुठल्या वेळी येतं, आठवत नाही.

चावी रमदानकडे ठेवते, हारिसकडे.
आणि हो, त्या तुपाच्या डब्याला भोकं कमी आहेत.
खिळ्याने एखादं पाड.