पाव दोन

रात्री पावणेबारा, सुतारवाडीचा कोपरा.
मुनाफभाई अंडं फोडतात.
"दिवसभर करता काय लॅबमध्ये?"
तुम्ही बिघडवता ते नीट करायला बघते, मी म्हणते.

ते हसतात. तवा चरचरतो.
आत एकेका साखळीची घडी उसवते:
पाण्याशी अबोला धरून पोटात बसलेलं सगळं
उघडं पडतं, शेजाऱ्याला बिलगतं,
पांढरं होतं.

ती घडी धरणारे बंध एकेकटे इतके कच्चे
की नुसत्या उबेनं सुटावेत, पुन्हा जुळावेत.
शेकड्यांनी मिळून जेमतेम
एक आकार.

सहा महिन्यांत आज पहिल्यांदा
माझ्या नळीतला गढूळपणा निवळला.
थोडासाच.
कुणाला सांगितलं नाही अजून.

"कांदा जास्त टाकू?"
हो, म्हणते. पाव दोन.